कडक चाळणी

शरयूबाईंच्या नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली, तरी त्यांचे ईमेल थांबले नव्हते. कुठल्याशा कंपनीने त्यांची जुनी पत्रं मशीनला पढवली होती आणि आता ते ईमेल त्यांच्याच लाडीगोडीने गाद्या नि कुकर विकत. ‘शरे, कंबर दुखते ना गं?’ असं वाचलं की बाईंचा जीव कासावीस व्हायचा.

सर्वपित्री अमावास्येचा स्वयंपाक आटोपल्यावर त्या म्हणाल्या, “मृण्मयी, माझ्या ईमेलला ती कडक चाळणी लाव बाई. मृत्यूच्या दाखल्यांशी नाव ताडून बघते म्हणे.”

सुनेचा वाढता हात थबकला. “कशाला आई? साधीच बरी आहे. बाबांची तेवढीच आठवण.”

“गाद्या विकणारी आठवण काय चाटायचीय?” बाई भडकल्या. मृण्मयी कावळ्यासाठी वाढलेलं घेऊन गच्चीवर गेली, तसं बाईंनी स्वतःच बटण दाबलं.

चाळणीने क्षणात निवड केली. ‘मृत’ लिहिलेल्या कप्प्यात नवऱ्याचे चारशे ईमेल जाऊन पडले. पण कप्पा भरतच राहिला. त्यांच्या मागोमाग निरंजनचे ईमेल जात होते. बोटीवर नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाचे, दर गुरुवारी न चुकता येणारे, पार गेल्या दिवाळीपासूनचे. कालचासुद्धा.

बाई भिंत धरत जिना चढल्या.

गच्चीच्या कठड्यावर दोन पानं वाढलेली होती, आणि मृण्मयी हात जोडून कावळ्यांची वाट बघत होती.