म्हातारीचा भारा

बायको गुणाबाईचं तेरावं उरकून लडकू खारबावहून टेम्पोभर गवत घेऊन पुन्हा प्राणीसंग्रहालयात आला. तिथल्या तीन हत्तिणी तिने एकदाच पाहिल्या होत्या. तेव्हापासून रोज एक भारा कापडाच्या लूमवरून आणलेल्या लाल चिंधीने बांधायची. थोरल्या हत्तिणीसाठी. “ह्यो म्हातारीचा.” लडकू परतला की विचारायची, “खाल्ला का तिनं?” तो कधी बघायला थांबला नव्हता, तरी म्हणायचा, “खाल्ला की!” आज चिंधी त्यानेच बांधली होती. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, म्हणून थांबला. धाकटीने भारा ओरबाडला, मधलीने गवत पाठीवर उधळलं. म्हातारीने मात्र चिंधी अलगद सोडवली, भाऱ्यात सोंड घालून चाचपलं आणि तशीच उभी राहिली. “चिंचा शोधतेय,” माहूत म्हणाला. “रोज मूठभर असायच्या. तुम्हीच ठेवायचात ना?” लडकूला हे ठाऊकच नव्हतं. चिंधी मुठीत धरून तो पुटपुटला, “गुणे, आज न्हाय खाल्ला.”