जागा शिल्लक नाही

पान पुन्हा पांढरंच आलं. पासवर्ड घेतला, चक्र फिरलं, आणि पुढे काही नाही. ना मेनू, ना कसली सूचना, नुसता कोरा कागद. लेकीने ब्राउझर बदलून पाहिला, केबल काढून पुन्हा घातली, चपलांच्या कपाटावरचा तो काळा डबा दोनदा बंद करून सुरू केला. डब्याचा हिरवा दिवा आपला लुकलुकत होता.

डबा बाबांचा. घरातला हा सर्व्हर त्यांनी हौसेने स्वतः उभा केला होता. चाळीस वर्षांचे फोटो त्यात होते आणि सगळा कारभार त्या एका पानावरून चालायचा. फोटो उतरवून घ्यायचे, डबा बंद करायचा, घराला कुलूप लावायचं आणि उद्या सकाळच्या गाडीने आईला कायमचं आपल्याकडे न्यायचं, असा लेकीचा बेत होता. तिकिटं दोन काढलेली होती. आई दोन महिने नुसतं ‘बघू’ म्हणत होती, आणि आईच्या ‘बघू’चा अर्थ लेकीला लहानपणापासून ठाऊक होता. पण बाबा गेल्यापासून आई या घरात एकटी, या विचाराने तिची झोप उडाली होती.

“झालं का गं?” आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

“होईल. बाबांनी काय करून ठेवलंय, देव जाणे!”

“नावं ठेवू नकोस. ऐकलं तर चिडतील.”

लेकीने ते हसण्यावारी नेलं. पानाचा नाद सोडला आणि काळ्या खिडकीत नुसत्या अक्षरांनी हुकूम देत ती डब्याच्या आत शिरली. तिथे एका ओळीत निकाल लागला. डिस्क शंभर टक्के भरलेली, जागा शिल्लक नाही. पान दाखवायलाही थोडी मोकळी जागा लागते, तेवढीही उरली नव्हती. डोंगर पोखरून उंदीर निघाला. उंदीर मात्र चांगलाच पोसलेला होता. ‘खोली’ नावाच्या एका फोल्डरने सगळी डिस्क खाल्ली होती, चाळीस वर्षांचे फोटो त्याच्यापुढे चिमूटभर.

खोली बाबांची. शेवटच्या आजारपणात त्यांनी पलंगाशी एक माइक लावला होता, हाक मारली तर स्वयंपाकघरात ऐकू यावी म्हणून. तो आवाज ऐकवायचा आणि साठवायचाही. जागेच्या बाबतीत बाबा महाचिक्कू. आवाज झाला की रेकॉर्डिंग सुरू, दहा सेकंद शांतता झाली की बंद, असा नियम त्यांनी स्वतः घालून दिला होता. ते गेल्यावर माइक काढायचा होता. लेकीला वाटलं धाकट्या भावाने काढला, भावाला वाटलं ताईने. आठ महिने तो चालूच होता.

फाइली रोजच्या होत्या. दुपारी तीनच्या सुमाराच्या, चाळीस-पन्नास मिनिटांच्या. तिने एक लावली.

“अहो, नळ गळतोय,” आईचा आवाज आला. “प्लंबर म्हणतो वॉशर गेलाय. वॉशर बदलू, की नवाच बसवू?”

आई रोज दुपारी बाबांच्या खोलीत जाऊन बसते, हे लेकीला माहीतच नव्हतं.

मग शांतता. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, “बरं. नवाच बसवते.”

लेकीने आकडे पाहिले. मधली शांतता बत्तीस सेकंदांची होती. फाइल दहाव्या सेकंदाला तुटायला हवी होती. तिने नियम उघडून पाहिला. दहाच. बाबांच्या आजारपणातली एक फाइल लावली. खोकला, दहा सेकंद, बंद. चोख. पुन्हा आईची लावली आणि आवाज पूर्ण वाढवला. पंखा नाही, रस्ता नाही, घड्याळाची टिकटिकही नाही. पडद्यावर आवाजाची रेघ उमटत होती. आई बोलली की ती उंच उसळायची. आई गप्प झाली की खाली यायची, पण पार खाली बसत नव्हती. माइकला काहीतरी ऐकू येत होतं.

शेवटची फाइल कालची होती. तिच्यातच जागा संपली होती.

“उद्या लेक येतेय. मला घेऊन जायचं म्हणतेय. काय सांगू तिला?”

या वेळी लेकीने सेकंद मोजले नाहीत. छातीच झाली नाही. रेघ बराच वेळ तशीच अधांतरी चालत राहिली. मग आई चक्क हसली.

“काहीतरीच तुमचं! असं तोंडावर सांगू?” पुन्हा शांतता. “बरं बाई. सांगते.”

लेकीने मागे वळून पाहिलं. आई चहाचे दोन कप घेऊन दारात उभी होती. आपलाच आवाज ऐकून ती थोडी ओशाळली होती, इतकंच.

“मी येत नाही गं,” ती म्हणाली. “तुझ्यावर राग नाही. पण एक तिकीट परत कर.”

लेक भांडणार होती. जिना, ब्लडप्रेशर, एकटेपण, सगळे मुद्दे तिला तोंडपाठ होते. पण तिची नजर पडद्यावर गेली. तोंडातून निघालं ते भलतंच.

“डिस्क भरलीय, आई. आज तीन वाजता काही साठणार नाही. आधी काहीतरी पुसावं लागेल.”

आईने कप टेबलावर ठेवले आणि वाकून रेघेकडे पाहिलं.

“हे उंच उंच आहे, ते माझं बोलणं ना?”

“हो.”

“ते पूस सगळं. मधलं राहू दे.”