बसून करायचं काम

"शिलाई मशीन आता बंद. पाय मारत राहिलात तर गुडघे कायमचे जातील," असं डॉक्टरांनी बजावल्यावर काकूंनी पायांना त्रास न देता बसून करायचं काम शोधलं: डॉक्टरांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकून टाइप करायचं. ते शिकवणाऱ्या क्लाससाठी गावभर चपला झिजवल्या. तीन ठिकाणचे क्लास बंद पडलेले; चौथ्या ठिकाणी, तीन जिने चढून, एकदाचा सापडला. हुश्श करत काकू खुर्चीत टेकल्या, कानाला हेडफोन लावला.

शिकवणाऱ्या मुलीने वाकून टेबलाखाली एक पेडल सरकवलं. "पाय दाबला की आवाज चालू, सोडला की बंद. दिवसभर हेच."

काकूंनी पाय ठेवला आणि लयीत दाबून-सोडून पाहिला.

"अय्या काकू, पहिल्याच दिवशी इतका सराईत पाय! कुठे शिकलात?"

"घरीच. वीस वर्षं," म्हणत काकूंनी गुडघा चोळला आणि पुन्हा पेडल दाबलं.