भिंगरीचा खोकला

"हलू नकोस गं! वेणी घालू देतेस की नाही?" सिस्टर म्हणाल्या.

भिंगरी कसली गप्प बसते! आठ वर्षांची झाली तरी पाय एका जागी ठरेल तर शपथ. अनाथाश्रमात तिला हे नाव उगाच नव्हतं पडलं.

"सुतारकाका माझ्यासाठी खुर्ची आणणारेत. मदर म्हणाल्या."

"मग त्या खुर्चीत वाकड्या वेणीनं बसणार का?"

वेणी झाली. सिस्टरांनी तिला जवळ ओढलं आणि कानात काहीतरी सांगितलं. भिंगरीनं गर्रकन मान वळवली.

"खरंच?"

"अगदी खरं." सिस्टरांनी तोंड फिरवलं. डोळे भरून आले होते.

येणारच. पाळण्यात होती तेव्हापासून त्यांनीच तिला वाढवलं होतं. आजवर कितीतरी जोडपी आली, पोरीवर भाळली आणि हात हलवत परत गेली. कारण एकच, तो मेला खोकला! एरवी पोरगी दिवसभर अंगणात उंडारायची, पण धाप म्हणून लागायची नाही. डॉक्टरांनी तपासलं, तर छाती खणखणीत. पण पाहुण्यांच्या खोलीत, येशूभोवती मुलं जमलेल्या त्या चित्राखाली तिला उभं केलं, की आलीच उबळ. खोकला तरी किती आगाऊ असावा! सिस्टर बिचाऱ्या तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या असायच्या. मग झग्याच्या खिशातून लिमलेटची गोळी काढून द्यायच्या. त्या चित्राकडे तर त्यांनी हल्ली बघणंच सोडलं होतं.

आणि आता वेळही उरला नव्हता. उन्हाळा संपला की भिंगरी मोठ्या मुलींच्या वसतिगृहात जायची होती. तिथल्या मुलींना घरी न्यायला कुणी येत नसे.

सिस्टर प्रार्थनेला बसल्या त्या उठेचनात. शेवटी मदरनी खांद्याला धरून उठवलं.

"किती जिवाला लावून घ्याल?"

"माझ्या पापाची शिक्षा त्या लेकराला नको, मदर."

"कसलं पाप? आईची माया दिलीत तुम्ही तिला. आज नाही येणार खोकला, बघा तुम्ही."

"नाही येणार," सिस्टर म्हणाल्या.

सुतार आणि त्याची बायको वेळेवर आली. सुताराच्या काखेत छोटीशी खुर्ची होती.

"बस बघू. मापात आहे का?"

भिंगरी बसली. पुढे झुकली, मागे रेलली. "डुगडुगत नाही!"

"डुगडुगली तर माझा कान पकड."

"नुसता कान काय पकडतेस, चांगला पिळ," बायको म्हणाली. "आमचं घर कसं आहे सांगू? खाली याचं काम चालतं, वर आम्ही राहतो. जिकडेतिकडे भुसाच भुसा. चालेल तुला?"

"मी झाडीन की!"

सगळे हसले. मदरसुद्धा. सुताराची बायको तिच्यासमोर खाली बसली. आवाज एकदम हळवा झाला. "मग येशील आमच्या घरी?"

भिंगरी खुर्चीतून उठली आणि तिनं सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांची नजर तिच्या वेणीवर गेली. उद्यापासून हिची वेणी कोण घालणार? त्या पुढे झाल्या. "जा बाळा," एवढंच म्हणायचं होतं, पण शब्द फुटेना. त्यांनी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला.

भिंगरीला उबळ आली. खोकून खोकून चेहरा लालबुंद झाला.

सुताराचं तोंड उतरलं. "अगं, आपल्या भुशात या लेकराचा जीव गुदमरेल," तो बायकोला म्हणाला. बायकोनं पदर डोळ्यांना लावला. त्यानं भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवला, खुर्ची उचलली आणि जड पावलांनी मदरच्या मागोमाग पलीकडच्या खोलीत गेला.

बऱ्याच वेळानं सिस्टर दारापाशी गेल्या. पलीकडे, जिला आजवर कुणी विचारलंही नव्हतं अशी आश्रमातली एक लंगडी पोर त्या खुर्चीत बसून खुदखुदत होती. सुताराची बायको तिचे केस सारखे करत होती. आता तिला तिथून कोण उठवणार?

मागून भिंगरीनं झगा ओढला आणि सवयीनं तळहात पुढे केला. आज सिस्टरांनी गोळी आणलीच नव्हती.

त्या तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. "सकाळी काय सांगितलं होतं मी तुला? आज खोकायचं नाही, यापुढे कधीच खोकायचं नाही, असं सांगितलं होतं ना?"

"हो." भिंगरी गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिली. "मग पाठीवर हात का ठेवलात?"