सात दिवसांपेक्षा जुनं

२००३ साली भोरच्या आमच्या कॉलेजच्या ऑफिसातले कॉम्प्युटर रांगायला लागले, म्हणून मी एक स्क्रिप्ट लिहिली. रोज सकाळी मशीन सुरू झालं की तिनं प्रत्येकाच्या प्रोफाइलमधल्या टेम्प फोल्डरात शिरायचं आणि सात दिवसांपेक्षा जुनं दिसेल ते कायमचं पुसून टाकायचं. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत मी स्वतःचं नाव घातलं, पदवीसकट.

सोमवारी पहिल्याच फेरीत नऊशे फायली गेल्या. मी टाळ्या वाजवल्या. (एकट्यानंच.)

तेवढ्यात क्लार्क शाहीनताई आल्या. "सर, बाहेरून बारावीला बसणाऱ्या पोरांची यादी दिसंना. अकराच्या अकरा पोरं हिर्डोशी गावची हायेत. फॉर्म उद्या जायचेत."

"कुठं ठेवली होती?"

"टेम्पमदी."

मी हसलो. मग व्याख्यान दिलं. "ताई, टेम्प म्हणजे एसटीच्या सीटवर टाकलेला रुमाल. तिथं कुणी दागिन्यांचा डबा ठेवतं का? ही अक्कल तुम्हाला दिली कुणी?"

ताई म्हणाल्या, "तुमीच, सर. दोन वर्षांमागं तुमीच हा फोल्डर उघडून दावला हुता. म्हणाला हुतात, तूर्त हितं ठेवा, उद्या नीट जागा करून देतो."

मी पहिल्या ओळीतली पदवी पुसली. मग यादी पुन्हा लिहून आणायला वही आणि पेन खिशात घातलं.

"हिर्डोशीची एसटी किती वाजता?"

"गेली की मगाशीच. आता वरंध्याकडं जाणारा टेम्पो मिळंल, पण तो फाट्यावरच सोडतो."

"आणि पुढं?"

"पुढं चालत. पोरं तशीच आली हुती, सर."