श्रवणयंत्राची चाचणी

राजश्री मॅडम लातूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग फळ्यावर कमी, हाताने करायला लावून जास्त शिकवायच्या. यंदा मुलांनी श्रवणयंत्र बनवलं. गोंगाट गाळून माणसाचा आवाज मोठा करणारं.

त्यातल्या मुज्तबाने ते औशाला घरी नेलं. त्याच्या अम्मीला कित्येक वर्षांपासून नीट ऐकू येत नव्हतं. सकाळी त्याने ते तिच्या कानात बसवलं.

"अम्मी, येऊन राहिलं का ऐकू?"

"हाव बेटा, एकदम साफ."

तो खुशीत कॉलेजला गेला. संध्याकाळी परतला, तर अम्मीने यंत्र काढून त्याच्या हातात दिलं.

"काय झालं? बिघडलं का?"

"न्हाई, बेस चालतंय. तू गेल्यावर घरात सगळ्यांचं बोलणं ऐकलं." अम्मीने यंत्रावर त्याची मूठ मिटवली.



"माझ्याशी कुणीच बोललं न्हाई."