आडवे बोअर

शिंकता शिंकता देवीदासची बरगडी मोडली, तेव्हा शेजारच्या शेतातला कुर्बानच त्याला धरून अमरावतीच्या डॉक्टरकडे घेऊन आला. सलग दुसऱ्या कोरड्या उन्हाळ्यात संत्र्याची बाग वाळल्यापासून कुर्बानकडे वेळच वेळ होता.

डॉक्टरांनी तपासणीचा फोटो दाखवला. "गळ्यात तुरीच्या डाळीएवढ्या चार ग्रंथी असतात. त्यातली तुमची ही एक सुपारीएवढी झालीय. चहूकडून नव्या रक्तवाहिन्या ओढून घेतल्यात तिनं. त्यांच्या जिवावर माजलीय आणि हाडांतलं कॅल्शियम खेचून काढतेय."

देवीदासचा चेहरा उजळला. "म्हणजे आडवे बोअर! आमी विहिरीत उतरून चारी अंगानं मारतो, तसे. आपली विहीर तुडुंब, अन् शेजाऱ्याले पत्ताच नाही!"

"अगदी बरोबर!" डॉक्टर खूश झाले. इतका समजूतदार पेशंट त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. "फक्त इथे शेजारी म्हणजे तुमचीच हाडं. ती पोकळ झालीत. गाठ काढावीच लागेल."

बाजूला बसलेल्या कुर्बाननं विचारलं, "डॉक्टरसाब, गाठ काढल्यावर हाडं पुन्हा भरतीन काय?"

"भरतात की. हळूहळू."

कुर्बान नुसता देवीदासकडे बघत राहिला.

देवीदासनं मोडकी बरगडी सांभाळत शर्टाची बटणं लावली अन् उठला.

"राहू द्या साहेब ऑपरेशन. आज तुमी गाठ काढान, उद्या हा म्हणन, विहीर बुजव!"